विषुववृत्तावरची थंडी

ललिता सातवीच्या वर्गात फरशीवर उकिडवी बसून सहाराची वाळू चाळत होती. शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेल्या वाळूत गिट्टी फार होती, आणि गिट्टीचं वाळवंट तिला चालत नसे. बाकं भिंतीला सरकवली होती. मधल्या मोकळ्या जागेत खडूनं आखलेली आफ्रिका पसरली होती आणि पाच-सहा पोरी रेषेवर पाय पडू न देता तिच्या काठाकाठानं फिरत होत्या.

मध्यावर, विषुववृत्ताच्या दोरीच्या दोन्ही अंगांना, रबराच्या झाडाची आणि अळूची रुंद पानं एकावर एक रचली होती. ते काँगोचं जंगल, जिथं बारा महिने पाऊस आणि जमिनीवर ऊन म्हणून पडत नाही. त्याच्या वर आणि खाली वाळल्या गवताचा पट्टा, त्यात चिखलाच्या गोळ्यांत खोचलेल्या बाभळीच्या डहाळ्या, ते सव्हाना. त्यापुढे वाळू, वरती सहाराची आणि खाली कलहारीची. अगदी वरच्या काठाला आणि अगदी खालच्या टोकाला संत्र्याच्या फांद्या. त्या आचल नावाच्या मुलीनं शेंदूरजनाघाटच्या मामाकडून आणल्या होत्या, कारण भूमध्य सागराच्या हवेत संत्री-लिंबं होतात असं मॅडमनी सांगितलं होतं. हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळा कोरडा, असा उलटा कारभार आपल्याकडे नसतो, हेही सांगितलं होतं.

दरवर्षी हा नकाशा पुरा झाला की एखादी पोरगी ओरडायचीच, "मॅडम, दोरीवर घडी घातली तर वरचं खालच्यावर जुळते!" ललिता त्या ओरडण्याची वाट पाहत असे. तिनं ते स्वतः कधीच सांगितलं नव्हतं. लग्न होऊन लेकुरवाळ्या झालेल्या तिच्या जुन्या विद्यार्थिनी अमरावतीच्या बाजारात भेटल्या की नमस्काराच्या आधी म्हणत, "मॅडम, आफ्रिका अजून करता का?"

"बाई, थांबा जरा."

दारात मुख्याध्यापक मोहोड सर उभे होते. हातात फोन.

"ही तुमची बहीणच ना? नैरोबीवाली? गावी आली म्हणे."

ललिताचा हात चाळणीत थांबला. चूक तिचीच होती. रूपालीनं पाठवलेले सिंहाचे, जिराफांचे फोटो तिनंच मोठ्या तोऱ्यात शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले होते. खाली लिहिलं होतं, माझी धाकटी बहीण.

"हो सर. बार्शीटाकळीला आहे, आईकडे."

"मग ही वाळू कशाला सांडता? प्रत्यक्ष आफ्रिकेतलं माणूस आपल्या दारात आहे. शनिवारी बोलवा. प्रोजेक्टर लावू, दोन्ही तुकड्या बसवू. आणि जमलं तर पुढल्या वर्षीपासून ती तिकडून व्हिडिओवरच बोलेल. पोरींना खरं काय ते दिसेल. फरशीही खराब होणार नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी काही मनात धरून म्हटलं नव्हतं. मोहोड सर सरळ माणूस. पण पोरींनी जो गलका केला तो ललिताला झोंबला. "खरे सिंह दाखवतील मॅडम?" ज्या पोरी काल चिखलाचे गोळे करताना जेवणाची सुट्टी विसरल्या होत्या, त्या आज क्षणात पलटल्या. आचलनं तर हातातली संत्र्याची फांदी बाकावर ठेवूनही दिली.

ललितानं चाळलेली वाळू पुन्हा पोत्यात भरली. झाडू आचलनंच आणला.

घरी जाताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. हीच ती रूपी, जिनं परीक्षेत ॲमेझॉन नदी आफ्रिकेत वाहवली होती. बार्शीटाकळीच्या घरात कंदिलाच्या काचेवर कागद धरून हिचे नकाशे कोणी काढून दिले? भूगोलाच्या पेपरच्या आदल्या दिवशी ही रडत बसायची आणि ललिता हिला वेण्या घालता घालता नद्या पाठ करून घ्यायची. बाप भगवंतराव भाजीच्या गाडीवरून ओरडायचे, "लले, तिले पास कर माय, नाहीतर तिचं लग्न कोण करीन!" लग्न झालं, ते धर्मेंद्रशी. तो अकोल्यात ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात होता. त्याच्या कंपनीनं त्याला नैरोबीला पाठवलं आणि रूपी गेली आफ्रिकेत. जिला आफ्रिका पाठ होती तिनं नागपूरच्या पलीकडचं स्टेशन पाहिलं नव्हतं. याला काय म्हणावं?

शुक्रवारी संध्याकाळी रूपाली अमरावतीला आली. येताना ललिताला लाकडी कंगवा, तिचा नवरा योगेश याला कॉफीचं पाकीट. योगेश आल्या आल्या तिच्याजवळ खुर्ची ओढून बसला.

"काहो, सिंह खरंच रस्त्यावर येतो?"

"रस्त्यावर नाही हो भाऊजी. पण शहराला लागूनच रान आहे त्याइचं. मांगच्या टायमाले आमची गाडी थांबली न्, बाप्पा, सिंहीण समोरून अशी गेली जशी आपली म्हैस जाते! आमच्याकडं पाह्यलंसुद्धा नाही."

योगेश खो खो हसला. मग झाडांचं विचारलं, गवताचं विचारलं, हत्ती बाभळीचे काटे कसे खातो तेही विचारलं. ललिता ओट्याशी पोळ्या लाटत ऐकत होती. या माणसाशी तिचा इतक्या वर्षांचा संसार. ती दरवर्षी घरातली चाळणी न्यायची, साडीला वाळू लावून परत यायची, आणि यानं एकदा तोंडातून काढलं नव्हतं की आज काय केलंस. आता याला सव्हाना हवी होती! तिनं पोळी इतकी दाबून लाटली की ती पोळपाटाला चिकटली.

"ताई, मी लाटू का?" रूपालीनं विचारलं.

"तू बस. पाहुणी आहेस."

"पाव्हणी म्हंते मले! पाहा हो भाऊजी."

रूपाली खरंच बसली, आणि पुन्हा सिंहिणीकडे वळली. तिचं हसणं तसंच होतं, लहानपणीचं, मान मागे टाकून. ललिताला त्या हसण्याचा राग आला. तिच्या अंगावरच्या राखाडी जॅकेटचा राग आला, पासपोर्टच्या निळ्या पाकिटाचा आला, आईनं परवा शेजारच्या माणिकबाईला फोनवर सांगितलं होतं त्याचाही आला, "माही रूपी लय दुनिया पाहून आली वं." लय दुनिया! आणि मोठीनं काय पाहिलं? फळा पाहिला.

शेवटची पोळी तव्यावर टाकताना तिला तो प्रश्न सुचला.

सुचला म्हणजे काय, समोर येऊन उभाच राहिला. नैरोबी विषुववृत्ताच्या इतकी जवळ की नकाशावर दोघांत बोटही मावत नाही. विषुववृत्त म्हणजे उकाडा, रोजचा पाऊस, घनदाट सदाहरित जंगल. हे सातवीच्या पोरींना पाठ आहे. मग नैरोबीच्या आसपास ते जंगल का नाही? गवत का? तिथं राहणाऱ्यानं हा विचार करायची गरज नसते, जसं मासोळीला पाण्याचं नाव माहीत असायची गरज नाही. रूपीला याचं उत्तर येणं शक्यच नव्हतं. साऱ्या वर्गासमोर, मोहोड सरांसमोर तिचं अज्ञान उघडं पडेल, आणि मग सर काय ते समजतील. फोटो दाखवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. ललिताचा जीव थंड झाला. तिनं रूपालीच्या पोळीवर तूप जरा जास्तच वाढलं.

शनिवारची सकाळची शाळा. प्रोजेक्टर लागायला वेळ लागत होता, तोवर रूपाली वर्गात फिरत राहिली. कोपऱ्यात वाळूचं पोतं होतं, सुकत चाललेल्या बाभळीच्या डहाळ्या होत्या, अळूची पानं काळी पडली होती. फरशीवरचा खडू पुसला गेला होता तरी आफ्रिकेचा फुगीर पश्चिम किनारा अजून दिसत होता.

"हे काय आहे वं बाई?" तिनं आचलला विचारलं.

"मॅडमची आफ्रिका. दरसाल करते मॅडम. आम्ही अर्धी केली होती. मग तुमी आल्या म्हणून सरांनी राहू दे म्हटलं. आता पुढच्या वर्षीपण नाही."

रूपाली "अच्छा" म्हणाली. थोडा वेळ तिथंच उभी राहिली, मग वाकून एक डहाळी उचलून पाहिली आणि ठेवून दिली. ललिता खिडक्यांना पडदे म्हणून चादरी बांधत होती. तिनं हे पाहिलं आणि मनात म्हटलं, पाहून घे.

मग अंधार झाला आणि भिंतीवर आफ्रिका आली.

खोटं कशाला बोलायचं, रूपाली बोलली झकास. तिनं पुस्तकातला एक शब्द वापरला नाही. "हे झाड पाहा. आपल्या बाभळीचंच सोयरं आहे, पण वरून कोणी कात्रीनं कापल्यावानी सपाट. जिराफ खालून खाते, वरून ऊन खाते." पोरी हसल्या. "हे गवत पावसात माह्या खांद्याएवढं होते न् उन्हाळ्यात पिवळं धम्मक. आपल्या पडीत वावरासारखं." मोहोड सर दाराला टेकून उभे होते आणि मान डोलवत होते. एका फोटोत ढगातून डोकं काढलेला बर्फाचा डोंगर होता. विषुववृत्ताच्या बगलेत बर्फ! पोरींनी एकदम "हॉ!" केलं. त्या 'हॉ!'साठी ललितानं वीस-बावीस वर्षं वाळू चाळली होती. मत्सर असा असतो की तो डोळ्यांना पाणीही येऊ देत नाही, नुसता जाळतो.

दिवे लागले. टाळ्या संपायच्या आत ललिता मागच्या बाकावरून उठली.

"मी एक विचारू का?"

"विचार ना ताई. मॅडम, विचारा," रूपाली म्हणाली, आणि पोरी पुन्हा हसल्या.

"मुलींनो, विषुववृत्तावर कोणत्या वनस्पती?"

"सदाहरित वनं!" सगळ्या एका सुरात.

"हवा?"

"उष्ण आणि दमट!"

"नैरोबी विषुववृत्ताला अगदी लागून आहे." ललितानं पुढे येऊन भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. तिचा आवाज गोड होता, तिला स्वतःलाच ऐकवेना इतका गोड. "मग या पाहुण्या मॅडमच्या एकाही फोटोत ते जंगल का नाही? सगळीकडे गवतच का? तिथं राहणाऱ्या माणसाकडूनच ऐकू."

मोहोड सर दारापासून सरळ झाले.

रूपालीनं तोंड उघडलं. मग तिनं ललिताकडे पाहिलं. तिची नजर ललिताच्या हातातल्या पट्टीवर गेली, कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेली, परत आली. तिनं ओढणी खांद्यावर नीट केली आणि एकदम हसली.

"बाप्पा! हे त मले कधी सुचलंच नाही. रोज पाह्यते, पण कावून असन हे नाही विचारलं कोणाले. माहा भूगोल पहिल्यापासून कच्चा, तुमच्या मॅडमले माहीत आहे. त्याइलेच विचारा. त्याइले सगळं येते."

काही पोरी फिस्सकन हसल्या. मोहोड सरांच्या कपाळावर आठी पडली. "मग तुम्हीच सांगा बाई," ते म्हणाले.

आणि ललितानं सांगितलं. काय सांगितलं! फळ्यावर दोन रेषांत तिनं चिखलदरा उभा केला. "अमरावती आणि चिखलदरा एकाच जिल्ह्यात. सूर्य तोच. मे महिन्यात आपण कूलरपुढून हलत नाही आणि चिखलदऱ्याला संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावं वाटतं. कशामुळे?"

"उंचीमुळे!"

"नैरोबी चिखलदऱ्याहूनही उंच. म्हणून हवा गार. चिखलदऱ्याला कॉफी होते, तिथंही होते. आणि पाऊस बारा महिने नाही, दोनदा येतो आणि मध्ये कोरडं पडतं. काँगोच्या खोऱ्यासारखं पाणी नाही, म्हणून तसं जंगल नाही. नुसतं विषुववृत्त पाहू नका. जमिनीची उंची पाहा, पाऊस कधी येतो ते पाहा. झाड या सगळ्यांना विचारून उगवतं."

पोरींच्या वह्या उघडल्या होत्या. रूपाली पहिल्या बाकावर, आचलच्या शेजारी बसून ऐकत होती. टाळी आधी तिनंच वाजवली.

मोहोड सर जाताना ललिताजवळ थांबले. "बाई, फोटो आपल्या जागी ठीक आहेत," ते हळूच म्हणाले. "बघू. तुमच्या नकाशाचं मी कळवतो."

ललिताला त्या दिवशी एसटीची गर्दीसुद्धा गोड लागली. दोघी बहिणी मूर्तिजापूरवरून अकोल्याला आणि तिथून बार्शीटाकळीला निघाल्या. रूपालीला खिडकीशी झोप लागली. तिचं डोकं ललिताच्या खांद्यावर आलं आणि ललितानं ते तसंच राहू दिलं. हरलेल्या माणसावर माया करणं सोपं असतं. मनातून थोडं वाईटही वाटत होतं तिला, पण फार नाही.

घरी अंगणात आई, पार्बताबाई, मेथीचा ढीग पुढ्यात घेऊन बसली होती. उद्याच्या अकोल्याच्या बाजाराच्या जुड्या बांधायच्या होत्या. रूपाली बॅग टाकून मागच्या हौदावर सांभार, म्हणजे कोथिंबीर, धुवायला गेली. ललिता आईजवळ पाट ओढून बसली, आणि बसल्या बसल्या तिला राहवलं नाही.

"तुझ्या दुनिया पाहून आलेल्या लेकीची आज गंमत झाली."

"काय झालं वं?"

"एक साधा प्रश्न विचारला मी. विषुववृत्ताजवळ आहे तर तिथं गवत का, जंगल का नाही. इतकी वर्षं राहते तिथं, पण नाही आलं. म्हणे मला कधी सुचलंच नाही! शेवटी मलाच सांगावं लागलं सगळ्या वर्गाला."

पार्बताबाईंनी मेथीच्या मुळांची माती झटकली.

"कोणाले नाही आलं? रूपीले?"

"हो."

"असं कसं होईन? उंचावर आहे ना थे. आपल्या चिखलदऱ्यासारखं."

ललितानं आईकडे पाहिलं. पार्बताबाई दाताखाली सुतळी धरून गाठ मारत होत्या, त्यामुळे पुढचं बोलणं जरा तोंडातल्या तोंडात आलं.

"गेली तवाच सांगितलं तिनं मले. स्वेटर पाठव म्हणे. मी म्हटलं, आफ्रिकेत स्वेटर कायले लागते वं, तिथं त लोकं उन्हानं काळे होते म्हंते. मंग तिनं फोनवर घंटाभर समजावलं. थंडी कावून पडते, पाऊस दोनदा कसा येते, जंगल कुठी हाय न् कुठी नाही. कॉफी होते म्हणे चिखलदऱ्यावानी. माणिकबाईलेपण माहीत आहे, मी सांगितलं तिले." गाठ बसली. "तिले येत नाही म्हंते! लय पाठ आहे तिले. विसरली असन वर्गात, पोट्टे पाहून घाबरली असन."

रूपाली घाबरणाऱ्यांतली नव्हती. सिंहीण म्हशीसारखी गेली म्हणणारी बाई ती. ललिताच्या डोळ्यांपुढे ते उघडलेलं तोंड आलं, पट्टीवर गेलेली नजर आली, आणि ते हसणं. लहानपणचं हसणं नव्हतं ते. मान मागे गेली नव्हती.

हौदावरून पाण्याचा आवाज येत होता. तेवढ्यात फोन वाजला. मोहोड सर होते.

"बाई, लगेच कळवतो म्हटलं. आज तुम्ही जे समजावलं ना, त्याला तोड नाही. नकाशा करा. सोमवारीच करा, आणि पुढेही दरवर्षी तुमच्याच पद्धतीनं. व्हिडिओ वगैरे राहू द्या. ऐकून राहिल्या ना?"

"हो सर."

"खूश ना?"

"हो सर. थँक्यू सर."

रूपाली ओल्या सांभाराची पाटी कमरेवर घेऊन आली. तिनं ती खाली ठेवली, हात ओढणीला पुसले आणि आईच्या दुसऱ्या अंगाला मांडी घालून बसली.

"कोणाचा फोन वं ताई?"

"शाळेतला."

"काय म्हणे?"

ललिताला वाटलं, विचारावं. आताच, आईसमोर विचारावं की तुला येत होतं ना गं? मग ही काय म्हणेल? हसेल आणि म्हणेल, छट्, मले कायचं येते. आणि आपण ते खरं मानल्याचं दाखवू. विमान, सिंह, बर्फाचा डोंगर, या सगळ्यांचा हेवा तिनं करून पाहिला होता. त्याला एक उत्तर तरी होतं; नवऱ्याची नोकरी, नशीब, काहीही म्हणता येत होतं. याला काय म्हणायचं, ते तिला सुचेना. आपण हिच्या जागी असतो तर वर्गासमोर ते उत्तर गिळलं असतं का, असं तिनं स्वतःला विचारलं आणि तिथून मन झटकन काढून घेतलं.

"आफ्रिका माझ्याकडेच ठेवली म्हणाले."

"बरं झालं," रूपाली म्हणाली. तिनं वर पाहिलंही नाही. सांभाराच्या काड्या सारख्या करण्यात ती गुंतली होती. "पोरी खूश होतीन. सुतळी दे ना इकडं."

ललितानं सुतळी तिच्याकडे सरकवली. मग ढिगातली एक जुडी उचलून मांडीवर घेतली. ती आईनं केव्हाच बांधून ठेवलेली होती. ललितानं तिची गाठ सोडली, मेथी मोकळी केली आणि मान खाली घालून ती पुन्हा बांधायला घेतली.